अंतिम सामन्याआधीचा मंगळवार

राहनाळच्या नाक्यावर बॅनर लागला होता. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची अंतिम फेरी गाठल्याबद्दल प्रशिक्षक भाविक सरांचं हार्दिक अभिनंदन, सरांचा गॉगल लावलेला भलामोठा फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून देवेशच्याच वडिलांचं नाव: पंढरीशेठ आणि परिवार. देवेशने मोटारसायकल थांबवून तो वरपासून खालपर्यंत वाचला. त्याचं नाव कुठेच नव्हतं. तो त्या 'परिवारा'त गेला होता.

भाविक हा त्याचा दाजी, थोरल्या बहिणीचा, विनिताचा नवरा. भिवंडीच्या त्या कॉलेजात देवेश त्याच्या कितीतरी आधीपासून होता. संघाचा स्ट्रेंथ कोच. पोरांकडून वजनं उचलून घ्यायची, त्यांना पळवायचं, त्यांचे पाय शेवटच्या मिनिटापर्यंत टिकवायचे, हे त्याचं काम. जुने कोच सोडून गेले तेव्हा विनिताने गळ घातली, म्हणून प्राचार्यांकडे दाजींचं नाव त्यानेच टाकलं. आता दाजी 'सर' झाले होते आणि देवेश 'जिमवाला'.

दुपारी घरी गेला तर दाजी ओटीवर बसलेले. आई त्यांच्या ताटात कोलंबी वाढत होती.

"घ्या, जावईबापू. पोरांना पळवून पळवून दमलाव तुम्ही."

"पळवतो देवेश, आई. मी नुसता ओरडतो," भाविक हसत म्हणाला.

सगळे हसले. आईला तो जावयाचा मोठेपणाच वाटला. देवेशच्या ताटात नुसतं कालवण आलं; कोलंबी संपली होती.

"देवेश, मंगळवारी पोरांना हलकंच ठेव," हात धुताना भाविक म्हणाला. "गुरुवारी फायनल हाय. मंगळवारी मी न्हाय येणार, नगरसेवकाच्या हापिसात सत्कार ठेवलाय."

सत्कार. देवेश अर्धं ताट टाकून उठला.

मंगळवारी संध्याकाळी पोरं जिममध्ये आली तेव्हा त्याने फळ्यावर काही लिहिलं नाही. नुसतं म्हणाला, "बारवर वजन चढवा. स्क्वॅट्स."

पडघ्याचा नवशा, संघातला सगळ्यात वेगवान पोरगा, थबकला. "सर, आज हलकं होतं ना?"

"मी हाय ना?"

तेवढं पुरलं. पोरांचा त्याच्यावर विश्वास होता. मांड्या थरथरायला लागल्या तरी त्याने थांबवलं नाही. अशा कसरतीनंतर दुसऱ्या दिवशी पाय दुखतात आणि तिसऱ्या दिवशी शिशासारखे जड होतात, हे त्याला पाठ होतं. एकदा तरी कळू दे लोकांना, तो मनात म्हणाला, पाय कोण चालवतो ते.

गुरुवारी पहिला हाफ कसाबसा बरोबरीत सुटला. दुसऱ्या हाफमध्ये पोरं वाळूत पळावं तशी पळायला लागली. समोरच्यांनी एक गोल केला, मग दुसरा. शेवटी नवशाने एकट्याने चेंडू काढला आणि धावता धावता मांडीमागे हात लावून कोसळला. त्याला उचलून बाहेर आणलं तेव्हा तो रडत होता. पुढच्या आठवड्यात त्याची मुंबईच्या एका क्लबात निवड चाचणी होती.

देवेशला वाटलं होतं, आता तरी कुणी विचारेल, पोरांचे पाय का गेले? कुणीही विचारलं नाही. प्राचार्यांनी भाविकच्या खांद्यावर हात ठेवला. पंढरीशेठ म्हणाले, "नशीब, दुसरं काय." आईने विनिताकडे सुरमईचं कालवण धाडलं, जावई उपाशी असतील म्हणून. हरल्यावरही सगळं दाजींचंच होतं.

दुसऱ्या दिवशी भाविक एकटाच जिममध्ये आला.

"मंगळवारी काय घेतलंस?"

"हलकंच."

"खोटं नको बोलू, देवेश. तुझी पोरं शेवटच्या दहा मिनिटांत दुसऱ्यांना पळून पळून मारतात. त्याच्यावरच आपण जिंकत आलो. काल ती विसाव्या मिनिटालाच वाकली होती. मी काय आंधळा हाय?"

देवेशने वर बघितलं. इतक्या वर्षांत त्याच्या कामाबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं. आणि बोललं कोण, तर हा.

"हे आधी कधी बोललात?"

"न्हाय बोललो. ते माझं चुकलं. पण राग माझ्यावर होता ना? नवशाच्या मांडीवर का काढलास?"

देवेश खाली बसून बारवरची वजनं उतरवू लागला.

"प्राचार्यांना मी काय सांगणार न्हाय," दाराशी जात भाविक म्हणाला. "विनितासाठी."

देवेशला हायसं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता दाजी मनानेही मोठे! जन्मभर त्यांच्या उपकाराखाली वाकून जेवायचं? त्या एका विचाराने तो उठला आणि तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून आला. त्यात पश्चात्ताप किती आणि जळफळाट किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नोकरी गेली. पंढरीशेठांनी बोलणं टाकलं. आई रोज विचारायची, "आरं, पण का?" तो मान खाली घालून जेवायचा.

मग एका सकाळी तो पडघ्याला गेला. नवशाची आई गुणाबाई दारात भांडी घासत होती. नवशा खाटेवर. देवेशने उभ्या उभ्याच सांगितलं.

नवशा खाटेवर उठून बसला. "मुद्दाम, सर?"

"हो."

गुणाबाईचे हात थांबले. "माझ्या पोराने काय वाकडं केलतं तुझं?"

"काय न्हाय, मावशी."

"मंग आता त्याला चालता कर. न्हायतर या दारात उभा ऱ्हाऊ नको."

तो रोज जायला लागला. आधी नुसतं चालवणं, मग स्नायूंना ताण देणं, मग भाताच्या खाचरांच्या बांधावरून हळूहळू धावणं. नवशा पहिले कित्येक दिवस सांगितलेलं करायचा, पण बोलायचा नाही. एकदा बांधावरून घसरून दोघंही चिखलात बसले, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. निवड चाचणी हुकली ती हुकलीच. पण पुढच्या हंगामात तो पुन्हा कॉलेजकडून उतरला.

देवेश तो सामना दोरीबाहेर, प्रेक्षकांत उभा राहून बघत होता. शेवटच्या मिनिटांत सगळे धापा टाकत असताना नवशा डाव्या बाजूने असा सुटला की त्याला कुणी गाठू शकलं नाही. गोल झाला. पोरगा धावत आला आणि भाविकच्या गळ्यात पडला. भाविकने त्याला उचलून धरलं, फोटोवाला पुढे झाला, लोकांनी 'भाविक सर, भाविक सर' सुरू केलं.

देवेशच्या छातीत ओळखीची कळ आली. तीच, तेवढीच. एका हाताने दोरी घट्ट धरून तो दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारत लोकांच्या टाळ्यांना साथ देत राहिला.