पुढची सीट ताईची

मित्रांनो, दोन सीट, दोन हँडल आणि चार पेडल असलेली सायकल तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली असेल, मला ठाऊक नाही. तसली मी एक जोडसायकल आहे. आता जुनी झाले आहे आणि एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभी असते.

मला एका कारागिराने बनवले. तो एकटाच काम करायचा. नळ्या कापून, जोडून, कानशीने घासून त्याने माझा सांगाडा तयार केला. मग चहाचा कप हातात घेऊन माझ्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "लांबलचक बाई आहेस गं तू!" मला खडीवरून धावायचे होते, म्हणून त्याने रुंद आणि खडबडीत टायर बसवले. रंग दिला गडद हिरवा.

मला न्यायला दोन बहिणी आल्या. थोरली औषधांच्या दुकानात काम करायची. डॉक्टरांचे कसलेही अक्षर तिला लागायचे. धाकटी दवाखान्यात फोन घ्यायची. धाकटीची नजर तिशीतच गेली होती. त्याआधी ती सायकलवेडी होती. दिसेनासे झाल्यावर तिने कशाचीच तक्रार केली नाही, फक्त एकदा म्हणाली, "ताई, सायकल मात्र फार आठवते गं." ते ऐकून ताईने माझी ऑर्डर दिली होती.

गावाबाहेरून पूर्वी आगगाडी जायची. ती बंद झाली, रूळ उचलून नेले आणि त्या जागी बारीक खडी पसरून दाबली. मोटारी आत शिरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवले. आधी शेते, मग लाकडी पूल, त्यानंतर जंगल आणि शेवटी तळे, असा तो पंधरा किलोमीटरचा रस्ता. त्यावर ना हॉर्न, ना धूर. दर रविवारी सकाळी आम्ही तिघी तिथे असायचो.

पुढच्या सीटवर ताई. वळवणे आणि ब्रेक दाबणे तिच्याकडे. मागचे हँडल नुसते धरण्यापुरते असते, ते धाकटीकडे. ताई जे दिसेल ते सांगत राहायची.

"डावीकडे मका. माझ्या डोक्याएवढा झालाय."

"तुझ्या? मग बुटकाच म्हणायचा."

"गप बस आणि पाय मार. तू नुसते पाय ठेवून बसली आहेस, कळतंय मला."

ते खरे असायचे. मधूनच धाकटी पाय ढिले सोडायची आणि सगळा भार ताईवर पडायचा. समोरून येणारे कोणी विचारायचे, "दोघींत जास्त मेहनत कोण करतं?" दोघी एकदम ओरडायच्या, "मी!"

धाकटीला रस्ता कानांनी आणि नाकाने पाठ झाला होता. शेतांमधून जाताना वारा कानशिलावर यायचा. झाडांखाली शिरले की खडीचा आवाज दबायचा आणि कुजलेल्या पानांचा वास यायचा. अशी अकरा वर्षे गेली. माझ्या आयुष्यातला चांगला काळ तोच.

बाराव्या वर्षी एका रविवारी ताई म्हणाली, "उजवीकडे गहू काय सुंदर उभा आहे!" धाकटीने मान वळवली. हवेत कापलेल्या धाटांचा कोरडा वास भरला होता. मळणी होऊन आठवडा झाला असावा. ती म्हणाली, "हो का?" आणि पाय मारत राहिली.

पुढच्याच महिन्यात जंगलातल्या एका आडवाटेवरून परतताना, मुख्य रस्त्याच्या फाट्यावर ताईने ब्रेक दाबला. आम्ही थांबलो.

"काय झालं गं?" धाकटीने विचारले.

"आपल्याला कुठे जायचं होतं?"

"घरी." धाकटीला थट्टा वाटली.

"हो. पण ते कुठल्या बाजूला?"

धाकटीने हात लांबवून ताईच्या पाठीवर ठेवला. पाठ घामाने भिजली होती. धाकटीने हवेचा वास घेतला आणि शांतपणे सांगितले, "उजवीकडून पाण्याचा वास येतोय, म्हणजे तळं तिकडे. तू डावीकडे घे. पूल लागला की मी सांगते." डोळे असलेली बहीण त्या दिवशी न दिसणाऱ्या बहिणीच्या बोलण्यावर घरी पोहोचली. दारात उतरल्यावर ताई म्हणाली, "माझ्या मुलीला सांगू नकोस. ती हे सगळं बंद करेल." धाकटीने मान डोलावली.

तिने कोणालाच सांगितले नाही. त्यानंतर सात महिने मागची सांगायची आणि पुढची वळवायची. "आता सरळ. आता हळू, खाली पूल आहे." ताई लहान मुलीसारखी ऐकायची. वर्णन करणे मात्र तिने हळूहळू सोडून दिले.

पुलाच्या अलीकडे, शेतांमध्ये, लांब उतार आहे. तिथे एका सकाळी आमचा वेग वाढला असताना ताई एकदम म्हणाली, "थांब, आई हाक मारतेय." त्यांची आई जाऊन वीस वर्षे झाली होती. ताईने हँडल शेताकडे वळवले आणि आम्ही तिघी चरात कोसळलो. माझे पुढचे चाक वाकडे झाले. धाकटीचे मनगट मोडले. ताईला खरचटलेसुद्धा नाही. ती चरात बसून धाकटीच्या केसांतली माती झटकत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "कोणी पाडलं तुला? सांग ना, कोणी पाडलं?"

शेतात काम करणाऱ्या एका बाईने आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आणले. संध्याकाळी ताईची मुलगी आली.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सात महिने झाले."

"आणि तरी तू तिच्या मागे बसत राहिलीस?"

"तिने सांगू नको म्हटलं गं." धाकटी थोडी थांबली. "आणि मला रविवार सोडवत नव्हता."

आठवड्याभरात भाची आईला आपल्या शहरात घेऊन गेली.

मला शेडमध्ये ठेवले, ते तसेच. टायरमधली हवा गेली. चेन गंजली. मागच्या सीटच्या स्पंजात उंदराने घर केले. धाकटी अंगणात यायची, शेडच्या दारापर्यंत तिची काठी वाजायची आणि तिथूनच परत फिरायची. मला राग नव्हता. दोन वर्षे मी तो काठीचा आवाज मोजत राहिले.

मग एके दिवशी दार उघडले. धाकटीबरोबर भाची होती. तिच्या बोलण्यावरून कळले, की ताई गेली. शेवटी तिला कोणाचेच नाव आठवत नव्हते.

"मावशी, हिचं काय करायचं?" भाचीने विचारले.

धाकटी माझ्या मागच्या चाकापासून हाताने चाचपत पुढे आली. इतक्या वर्षांत पुढच्या हँडलला तिचा हात कधी लागला नव्हता. आता लागला आणि तिथेच थांबला. मुठींवरच्या रबरात बोटांचे खोल खड्डे पडले होते. दोन ठिकाणी तर खालचे लोखंड लागत होते. तिने मागच्या मुठी चाचपल्या. त्या नव्यासारख्या होत्या.

"एवढ्या कशा झिजल्या गं या?"

भाची म्हणाली, "आईला सायकलची भयंकर भीती वाटायची. दर रविवारी निघायच्या आधी नको वाटतं म्हणायची. तुला कधीच बोलली नाही?"

"नाही."

मित्रांनो, मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मका केवढा झाला हे हसत सांगताना तिची बोटे मुठींत रुतायची. पण सायकलला बोलता कुठे येते?

धाकटीने त्या खड्ड्यांत आपली बोटे घालून पाहिली. ताईचा हात मोठा होता. बोटे सैल बसली. मग तिने भाचीकडे फडके आणि तेल मागितले.

आता दर रविवारी ती येते. चेन पुसते, हवा भरते. पुढच्या मुठी तिने बदलू दिलेल्या नाहीत. मला कोणी बाहेर नेत नाही, आणि नेईल असे वाटतही नाही.

मित्रांनो, आपल्या सायकलीला जपा, तेलपाणी करा, तिला अडगळीत टाकू नका. पण माझी खरी विनवणी वेगळीच आहे. तुमच्यासाठीही कोणीतरी रोज पुढच्या सीटवर बसत असेल. ते माणूस हसत बोलत असले, तरी एकदा त्याच्या हातांवर हात ठेवून बघा. भीती वाटते का, दमलात का, असे विचारा. ते समोर आहे तोवरच विचारा.