कार्डाला लागलेली दृष्ट

आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर शेजारच्या निवृत्त हेडबाई, त्यांना खेटून कोपऱ्यावरचे फोटोवाले, दारात जिन्यावरून डोकावणारी माणसं आणि सगळ्यांचे मोबाइल उंच. मला मुलगी झाली तेव्हाही एवढी गर्दी झाली नव्हती. आज झाली, कारण माझ्या कॉम्प्युटरला नवीन ग्राफिक्स कार्ड बसणार होतं आणि ते बसवायला साक्षात करंटबाबा आले होते.

करंटबाबा पूर्वी दुरुस्तीच्या दुकानात होते. तिथून निघाले, दाढी वाढवली आणि यंत्रांचे आत्मे त्यांच्याशी बोलायला लागले.

"अहो, माझ्या स्टुडिओतला कॉम्प्युटर मेला होता," फोटोवाले सांगत होते. "बाबांनी नुसता हात फिरवला, टुणकन उठून बसला!"

त्यांचंच ऐकून सासूबाईंनी बाबांना बोलावलं होतं. माझ्या काळजीपोटीच. मी घरी बसून एका बिल्डरसाठी घरांच्या आतल्या खोल्यांची चित्रं बनवते. मुलगी मांडीवर झोपलेली, एक हात तिच्या डोक्याखाली आणि दुसऱ्या हाताने कुणाच्या तरी स्वयंपाकघराला खिडकी, असं चालतं माझं. जुनं मशीन आता एकेका खोलीला धापा टाकायचं, म्हणून कार्ड घेतलं. सगळी चित्रं उद्या सकाळी पोचली नाहीत तर काम दुसऱ्या कुणाकडे जाणार होतं.

बाबांनी जमिनीवरच्या कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली, फुंकर मारली, कार्ड खाचेत दाबून बसवलं, स्क्रू पिळले, वीज जोडली. इथपर्यंत काम चोख. मग त्यांनी बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच. त्यावर दोनच शब्द उमटले: सिग्नल नाही.

"वाचा!" बाबा गरजले. "सिग्नल नाही. कुठला नाही? वरचा!"

सगळ्यांनी वर पाहिलं. वरच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड राहतं, त्यांचा यात काही संबंध असावा असं मला वाटेना.

"कार्ड परक्या घरात आलंय, बुजलंय बिचारं. बसवणं हाताचं काम, रुजवणं साधनेचं!" बाबांनी पिशवीतून काळं कापड काढून जमिनीवरच्या त्या डब्यावर घातलं. "मागे कुणी थांबायचं नाही. यंत्राचा प्राण मागून वाहतो. अंगावर आला तर माणूस जागच्या जागी आडवा होईल."

झालं! सगळी गर्दी पुढे सरकली. बाबा डब्याशेजारी स्टुलावर बसले, एक हात मागून कापडाखाली घातला आणि जुन्या फ्रिजसारखे घुमायला लागले. पडदा उजळला. टाळ्या पडल्या, सासूबाईंचे हात जोडले गेले.

"आता बाईंनी बसावं."

मुलीला सासूबाईंकडे देऊन मी खुर्चीत बसले. पडदा काळा.

"उठा!" उठले. पडदा उजळला.

बाबांनी डोळे मिटून लांब सुस्कारा सोडला. "लेकरू अंगावर पितं ना अजून?"

एवढ्या माणसांसमोर हा प्रश्न! माझे कान तापले.

"पाजणाऱ्या बाईची ऊब या कार्डाला सोसत नाही. मूल अंगावरचं सुटेपर्यंत हिने यंत्रासमोर बसायचं नाही. दर महिन्याला मी येऊन शांत करून जाईन. दक्षिणा तुमच्या मनाला येईल ती."

"पण बाबा, उद्या सकाळी तिचं काम..." सासूबाई चाचरल्या.

"काम मोठं की लेकरू?"

या प्रश्नापुढे आमच्याकडे कुणाचं तोंड उघडत नाही.  सासूबाईंनी माझा फोन माझ्या हातात दिला. "राहू दे गं. जमणार नाही म्हणून कळवून टाक."

बिल्डरचा नंबर समोर होता. बोट पुढे जाईना. "थांबा," मी म्हटलं. "मला पुन्हा एकदा बसून बघायचंय."

"बघा की! डोळ्यांची हौस फिटू दे."

मी बसले. पडदा काळा.

एवढ्यात आमची चिमणी आजीच्या मांडीवरून घसरली होती. सध्या तिला सगळं जग झाकलेलं आणि उघडण्यासाठीच ठेवलेलं वाटतं. टॉवेल असो, पडदा असो, चादर असो. इथे तर जमिनीपर्यंत लोंबणारं काळंभोर कापड! ती रांगत टेबलाखालून गेली, दोन्ही मुठींत कापड धरलं आणि ओढलं.

"कुऽऽक!"

कापड खाली. बाबांचा हात डब्यामागे, आणि चिमटीत मॉनिटरच्या केबलचं उपसलेलं टोक.



"मी... मी प्राण धरून ठेवलाय!" बाबा म्हणाले.

"दिसतोय हो," हेडबाई म्हणाल्या. "केबलसारखाच आहे अगदी."

मी उठून थेट मागे गेले. आडवी पडले नाही. डब्याच्या मागे केबल घालायच्या दोन सारख्या जागा होत्या, एक वर जुनी, एक खाली नव्या कार्डाची. केबल कार्डात घातली: माझी अर्धवट खोली पडद्यावर हजर. वरच्या जागेत घातली: सिग्नल नाही. पुन्हा कार्डात: हजर. कार्ड बसल्यावर चित्र कार्डातूनच बाहेर पडत होतं, जुना दरवाजा बंद झाला होता. बाबांनी केबल आधी मुद्दाम जुन्या जागी ठेवली, मग कापडाखाली हलवली. मी बसले की उपसायची, उठले की खोचायची. संपली साधना.

"आई, तुम्ही करून बघा."

"अगं, मला काही होणार नाही ना?"

"मला झालं का?"

त्यांनी केबल काढली, काळोख. घातली, उजेड. पुन्हा काढली, पुन्हा घातली. "अगंबाई! म्हणजे मीही बाबा झाले की!"

सगळे हसले. फोटोवाले तेवढे हसले नाहीत.

"तुमच्याकडे कुणाची ऊब निघाली होती?" मी विचारलं.

"सावली," ते खालमानेने म्हणाले. "माझ्या बहिणीची. नवरा गेल्यापासून ती स्टुडिओत बसायची, चार माणसांत रमायची. बाबा म्हणाले, विधवेची सावली पडते मशीनवर. मी तिला घरी बसवलं."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत कोंबला. "श्रद्धा नसेल तिथे मी थांबत नाही."

"थांबू नकाच," फोटोवाल्यांनी त्यांचं मनगट धरलं. "माझ्याबरोबर चला. केबल कशी उपसता ते तिच्यासमोर करून दाखवा. आणि मग माफी मागा. तुमच्यानंतर मीही मागणार आहे."

दोघं जिना उतरले, त्यांच्यामागे गर्दी उतरली. सासूबाईंनी चिमणीला कडेवर घेतलं आणि दार लावता लावता मला म्हणाल्या, "बस आता कामाला. भूक लागली की आणून देईन हिला."

वाचकहो, यंत्र बिघडतं त्याला कारण असतं, आणि ते कारण उजेडात शोधता येतं. कुणी मागे बघू नका म्हणालं, तर आधी मागेच जाऊन बघा. कापड घातलं, तर उचला. आणि दोष नेमका पाजणाऱ्या बाईत, विधवेत, उलटून बोलणार नाही अशा माणसातच कसा सापडतो, एवढं तरी त्याला भर गर्दीत, मोठ्याने विचारा.