हारलनने न टाकलेला चेंडू

फेब्रुवारी निम्मा सरला की बेसबॉलच्या जगात दोनच जातीचे खेळाडू उरतात. ज्यांना संघ आहे ते ॲरिझोनाच्या उन्हात सरावाला लागतात, आणि ज्यांना नाही ते घरी बसून फोनकडे बघतात. थॅड मेब्री दुसऱ्या जातीत जाऊन पडला होता. छत्तीस वर्षांचा, डावखुरा, आणि एके काळी असा फलंदाज की तो मैदानात उतरला की हेरन्स संघाचे प्रेक्षक हातातलं खाणं खाली ठेवायचे. त्याचा करार संपून हिवाळा उलटला, तरी एकाही संघाने त्याला विचारलं नव्हतं.

हेरन्सनेही विचारलं नसतं. पण त्यांच्या पहिल्या बेसवरच्या गड्याने ऐन सराव शिबिराच्या तोंडावर मनगट मोडून घेतलं, तेही खेळताना नव्हे, शिडीवर चढून घराच्या छपरावरची पानं काढताना. संघाची जनरल मॅनेजर कोरिन वास्को हिने त्या शिडीला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि फलंदाजीचा कोच हारलन डीट्झ याला ऑफिसात बोलावून घेतलं.

"बाजारात आता दोनच नावं उरलीत," ती म्हणाली. "किरोगा आणि तुमचा मेब्री."

"माझा कशाला? मी काय त्याला दत्तक घेतलाय?"

"हारलन, त्याच्या लग्नात तुम्ही नवरीच्या बापापेक्षा जास्त रडला होतात. फोटो आहे माझ्याकडे."

हारलनने तोंडातल्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कागदी पेल्यात थुंकली आणि विषय बदलला. "किरोगाचं घोडं कुठं अडलंय?"

"त्याला दोन वर्षांचा करार हवाय. तरणा आहे, मारतो लांब, पण निम्म्या वेळा हवेलाच मारतो. मेब्री एका वर्षावर येईल. फक्त त्याच्यात काय शिल्लक आहे ते मला डोळ्यांनी बघायचंय. उद्या सकाळी, बाकीची पोरं यायच्या आत. तुम्ही चेंडू टाका, मी बघते. दुपारी मी एकाला हो म्हणणार."

हारलन बाहेर पडला तो तरंगतच. थॅड एकोणीस वर्षांचा असताना त्यानेच त्याला एका धुळकट गावातून उचलून आणलं होतं. त्याला स्वतःचा मुलगा नव्हता, आणि असता तरी त्याच्यावर थॅडएवढा जीव लागला असता की नाही, याची त्याला शंका होती. थॅडला अजून एक हंगाम मिळावा, बस्स, एवढंच त्याला हवं होतं.

आता सरावाची रीत अशी, की कोच जाळीच्या आडोशाने जवळूनच चेंडू टाकतो आणि सगळे चेंडू एकाच वेगाने टाकतो. फलंदाजाचा हात मोकळा व्हावा, त्याला बरं वाटावं, एवढाच त्यात हेतू. हारलनची मात्र एक खोड होती. प्रत्येक फेरीचा शेवटचा चेंडू तो न सांगता हळू टाकायचा, हाताचा झपाटा तोच ठेवून. जो घाई करी तो तोंडघशी पडे. पहिल्या दिवशी थॅड त्या चेंडूवर अक्षरशः धुळीत बसला होता. पुढे तो थांबायला शिकला, आणि मग त्या हळू चेंडूला कुंपणापार धाडून हारलनला वाकून नमस्कार केल्यासारखं करायचा. ती त्या दोघांची जुनी मस्करी होती.

सकाळी थॅड आला. मिठी मारली, मग जरा लांब उभा राहून त्याने हारलनकडे बघितलं. "कोच, पोट सुटलंय तुमचं."

"तू संघामागून संघ, टोप्या बदलत फिरलास, मी पाय फाकवून एका जागी बसलो. सुटणारच. बॅट घे."

कोरिन कॉफीचा पेला घेऊन जाळीमागे उभी राहिली. थॅडने पहिला चेंडू असा मारला की त्या आवाजाने हारलनच्या अंगावर काटा आला. दुसराही तसाच. पण दुसऱ्या चेंडूला हारलनला जे दिसायला नको होतं ते दिसलं. चेंडू हातातून सुटायच्या आधीच थॅडचा पुढचा पाय जमिनीवर आला होता.

याचा अर्थ हारलनला कुणी सांगायची गरज नव्हती. वय झालं की हात उशिरा निघतात, मग फलंदाज ते झाकायला आधीच निघतो, वेगाचा अंदाज बांधून. वेग ठरलेला असला की सगळं झकास दिसतं. सामन्यात मात्र समोरचे गोलंदाज आठवड्याभरात ओळखतात, आणि मग हळू चेंडूंवर त्याचे हाल कुत्रा खात नाही.

फेरी संपत आली. हारलनने शेवटचा चेंडू बोटांत धरला, बोटं आपोआप हळू चेंडूसाठी आत सरकली, आणि त्याने ती परत बाहेर काढली. नेहमीच्याच वेगाने टाकला. चेंडू कुंपणापार गेला. दुसऱ्या फेरीतही त्याने तेच केलं, तिसऱ्यातही. जाळीमागे कोरिन मान डोलवत होती. थॅड मात्र दर फेरीला गप्प गप्प होत चालला होता.

"मला तर आवडला," कोरिन शेवटी म्हणाली. "बोला हारलन. हो की नाही?"

"हो," हारलन म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. थॅड जागचा हलला नव्हता.

"कोच, शेवटचा राहिला."

"झालं की सगळं. हात दुखतोय माझा."

"हात दुखत असता तर सगळेच हळू आले असते." थॅडचा आवाज शांत होता. "टाका."

हारलनने कोरिनकडे बघितलं. तिला काही उमगलं नव्हतं, पण काहीतरी आहे हे समजण्याइतकी ती हुशार होती, आणि तिने पेला खाली ठेवला. आता सुटका नव्हती. हारलनने टाकला. थॅडची बॅट चेंडू येण्याच्या कितीतरी आधी फिरून गेली, त्याचा तोल गेला आणि एक गुडघा धुळीत टेकला. तो उठला, पँट झटकली. "अजून एक." तोही हुकला. तिसऱ्याला त्याने कसंबसं थांबून बॅट लावली, चेंडू तीन टप्पे खाऊन हारलनच्या पायाशी येऊन थांबला.

मग थॅडच जाळीकडे वळला. "कोरिन, किरोगाला फोन कर. आणि माझी एवढी दखल घेतलीस, त्याबद्दल आभार."

तिने जाळीतून त्याच्या बोटांना बोटं लावली. हारलनला ती एक शब्दही बोलली नाही, आणि ते त्याला चांगलंच झोंबलं. ती ऑफिसच्या दिशेने चालू लागली.

"कधी कळलं तुम्हाला?" थॅडने विचारलं.

"दुसऱ्या चेंडूला."

"आणि तरी हो म्हणालात."

"तुला खेळायला मिळावं म्हणून रे पोरा."

"एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला की चाळीस हजार लोकांपुढे गुडघ्यावर बसवणार होतात मला. इथं तुम्ही दोघंच होतात." तो रागावला असता तर हारलनला बरं वाटलं असतं. पण तो दमल्यासारखा बोलत होता. "सतरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय, हा माणूस मला फक्त चेंडूने फसवतो, बोलण्याने कधीच नाही."

हारलनला तोंड वर करवेना. तो खाली वाकला आणि पायाशी पडलेला चेंडू त्याने उचलला. पलीकडच्या मैदानावर तरणी पोरं येऊ लागली होती, हसत, एकमेकांना ढकलत. त्यांना फलंदाजी शिकवायला त्यालाच जायचं होतं.

थॅड बॅट पिशवीत घालायला वळला, मग थांबला, आणि परत येऊन आपल्या जागी उभा राहिला.

"आता मला कुणी निवडत नाहीये," तो म्हणाला. "आता खरे टाका. सगळे."

हारलनने बादली जवळ ओढली. जोरात टाकले, हळू टाकले, मनाला येईल तसे टाकले, हात खरोखर दुखेपर्यंत टाकले. थॅड निम्मे हुकत होता. पोरं तिकडून हाका मारत होती, पण बादली रिकामी होईस्तोवर हारलनने मागे वळून बघितलं नाही.