माळेवरची सावली

धाकटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसली, त्या दिवसापासून थोरल्या जावेच्या पोटात दुखायला लागलं. दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून, मध्ये कमरेएवढा कठडा. त्यापलीकडे आठ काळी, चकचकीत पॅनेल, आणि सासूबाईंच्या तोंडी दिवसभर एकच.

"आमची धाकटी देशाला वीज पुरवते हो! परदेशातून कोळसा कशाला आणायचा? ऊन घरचंच आहे."

येईल त्या पाहुण्याला त्या मीटर दाखवायच्या. वीस वर्षं त्यांची पथ्यं थोरलीनं सांभाळली. पण पाहुण्यांना दाखवावं असं तिच्याकडे काय होतं?

सकाळचं ऊन थोरलीच्या गच्चीवरूनच पलीकडे जायचं. एक दिवस दहाच्या सुमारास तिनं कठड्यालगतच्या दोरीवर मोठी चादर टाकली. सावली जेमतेम एका पॅनेलवर पडली. एवढ्यानं काय होतंय, असं मनाशी म्हणत ती माळ घेऊन जपाला बसली. मग तो रोजचाच नेम झाला. चुकीच्या कामालाही नेम लागतो, हे तिला तेव्हा कळलं नाही.

तीन आठवड्यांनी पॅनेल बसवणारा मिस्त्री आला.

"वीज निम्म्यावर आलीय, वहिनी," तो धाकटीला म्हणाला. "आठही पॅनेल एका माळेत ओवलेली असतात. एकावर सावली आली की सगळी माळ अडते."

कठड्याअलीकडे थोरलीचा अंगठा मण्यावरच थांबला.

"वीज कंपनीच्या चाचणीचे दहा दिवस उरलेत. गल्लीतलं पहिलं छप्पर तुमचं. ते नापास झालं, तर पॅनेलसाठी आलेले गल्लीतले सगळे अर्ज परत जातील. पहिलाच अर्ज शेजारचा आहे. बाईंच्या नावानं."

अर्ज नवऱ्यानंच केला असणार, पण तो काही बोलला नव्हता. तिला चकित करायचं असणार.

मिस्त्रीची नजर चादरीकडे वळली, तशी धाकटी घाईनं म्हणाली, "पाखरांनी घाण केली असेल हो, दादा."

"पाखरं नाहीत," थोरली उठली. तिनं चिमटे काढले. "चादर माझी आहे. रोज घालते. वाळलेलीच घालते."

धाकटी हळूच म्हणाली, "माहितीये, ताई. फोनवर विजेचा आलेख दिसतो. रोज दहाला खड्डा, तुमच्या जपाइतका वेळेवर."

"मग बोलली का नाहीस?"

"मोठ्या जावेला काय बोलू? म्हटलं, एक दिवस चादर तरी फाटेल."

थोरलीला हसू आलं आणि रडूही. "दहा दिवसांत भरून निघेल का हो?" तिनं मिस्त्रीला विचारलं.

"सावली गेली आणि रोज काच पुसलीत, तर निघेल."

दुसऱ्या दिवशी दहाला थोरली कठडा ओलांडून आली. चादरीची फडकी फाडून आणली होती. आठही काचा तिनं एकटीनं पुसल्या, कोपरे नखानं खरवडले. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मंजुरी आली ना, तर मी दहा पॅनेल बसवणार. आठ नाही."

"बसवा की," धाकटी म्हणाली. "दोरी मात्र आता माझ्या गच्चीवर बांधते. संध्याकाळचं ऊन इकडूनच तुमच्याकडे जातं."