अनुभव नसलेल्या मॅडम

पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी अंजली तिसऱ्यांदा पुण्याला निघाली, तेव्हा नाशिकच्या महामार्ग बसस्थानकावर तिची जुनी विद्यार्थिनी तृप्ती भेटली.

"मॅडम, तुम्हीपण मुलाखतीलाच?"

"हो. तू?"

"मीपण. त्याच सरांकडे."

मार्गदर्शक म्हणून त्या सरांकडे यंदा जागा एकच होती. ते दोघींनाही ठाऊक होतं. दोघी एकाच सीटवर बसल्या. संगमनेर येईपर्यंत तृप्ती पुण्यातल्या कामाबद्दल सांगत राहिली. एम.ए. झाल्यावर ती एका संशोधन प्रकल्पावर सहायक म्हणून लागली होती. गावोगाव फिरून मुलाखती घ्यायच्या, माहिती संगणकात भरायची, असं काम होतं. अंजली मान हलवत ऐकत होती. या मुलीला मानसशास्त्रातलं संख्याशास्त्र आपण शिकवलं, हे तिच्या मनात येऊन गेलं आणि तिचं तिलाच ते बरं वाटलं नाही.

अंजली नाशिकच्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवायची. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, मधल्या वेळात बसची वाट बघत डबा खायचा. एम.ए.ला ती पहिल्या वर्गात आली होती, सेटही पास झाली होती. पण कायम जागेची जाहिरात निघाली की दरवेळी कुणी पीएच.डी. झालेला पुढे निघून जायचा. पस्तिशी दाराशी येऊन ठेपली होती.

तरी तिला पीएच.डी. हवी होती ती नुसत्या नोकरीसाठी नव्हे. तिचे वडील, बुद्धभूषण, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करत. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. तिची नि भावाची निम्मी भांडणं कुजबुजतच झाली होती. अशा घरांतल्या मुलांचं काय होतं, हा तिचा विषय होता.

"विषय चांगला आहे," मुलाखतीत सर म्हणाले. "पण आजवर संशोधन काय केलंत?"

"एम.ए.चा लघुप्रबंध, सर."

"त्यानंतर?"

"त्यानंतर शिकवतेय. प्रात्यक्षिकं घेते."

"ते शिकवणं झालं." सरांचा आवाज कठोर नव्हता. "एखादा छोटा अभ्यास करा, कुठेतरी मांडा, मग या. आत्ता तुम्हाला घेतलं तर पहिली दोन वर्षं शिकण्यातच जातील."

जागा तृप्तीला मिळाली. अंजलीनं फोन करून अभिनंदन केलं, आवाज नीट ठेवला, आणि फोन ठेवून पलंगावर आडवी झाली.

"अनुभव नाही म्हणून घेत नाहीत," ती आईला म्हणाली. "आणि घेतल्याशिवाय अनुभव कुठून येणार?"

वत्सलाबाई तांदूळ निवडत होत्या. "लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही अन् वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही," त्या म्हणाल्या. "आता पुरे कर बाई. किती ओढशील जिवाची?"

पुरे करावं असं अंजलीलाही वाटत होतं. काही महिने तिनं तो विषय काढलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र तिनं स्वतःच एक प्रश्नावली तयार केली आणि कामगारांच्या कॉलनीतल्या घरांत फिरली. बायांनी चहा पाजला, पोरांनी भराभर खुणा केल्या. सगळ्या कागदांवर उत्तरं सारखीच आली. वडिलांच्या रात्रपाळीचा कुणालाच काही त्रास नव्हता. हे खरं नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण चुकलं कुठे, ते उमगेना.

तृप्तीला विचारायचं ठरवायला तिला आठवडा लागला. फोन हातात घ्यायची, ठेवून द्यायची. शेवटी केलाच.

तृप्ती सुट्टीला नाशिकला आली तशी अंजलीच्या घरी आली. प्रश्नावली वाचता वाचता पेन्सिल उचलून तिनं परत खाली ठेवली.

"सांग ना," अंजली म्हणाली. "तुझ्या पेपरावर लाल रेघा मारताना मी संकोच केला होता का?"

तृप्ती हसली. "मॅडम, इथे एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. आणि हे असं विचारलं की नाहीच म्हणणार मुलं. वडिलांची तक्रार केल्यासारखं होतं ना. शिवाय आई तिथंच बसलेली असणार."

"बसलेलीच होती."

"मग? त्यांना त्रास विचारू नका. काल शाळेतून आल्यावर काय काय केलं, ते विचारा. एकेकट्याला."

अंजली वहीत लिहून घेत होती. लाज वाटत होती, पण आता लाजायचाही कंटाळा आला होता.

पुढचं दीड वर्ष तृप्ती नाशिकला आली की दोघी बसायच्या. अंजली रविवारी मुलांशी बोलायची, शाळेच्या ओट्यावर, एकेकाशी. मुलं सांगत, आम्ही टीव्ही आवाज बंद करून बघतो, पाहुणे आले की दारातूनच परत पाठवतो. हळूहळू तो अभ्यास उभा राहिला. छोटा होता. एका परिषदेत दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात, पेंगणाऱ्या श्रोत्यांसमोर तिनं तो वाचला. कुणी प्रश्न विचारला नाही.

पुढच्या मुलाखतीला समोर ते सर नव्हते, एक मॅडम होत्या. त्यांनी तिचा परिषदेतला निबंध वाचला होता.

"आधी फसलेली प्रश्नावलीही यात दिलीत," त्या म्हणाल्या. "सहसा लपवतात."

"तिच्यामुळेच कळलं, मॅडम. आणि माझ्या विद्यार्थिनीनं समजावलं."

त्यांनी थोडा वेळ कागद चाळले. "मी तुम्हाला घेते. कधी सुरुवात कराल?"

या क्षणी काहीतरी मोठं वाटेल, अशी अंजलीची कधीकाळी कल्पना होती. तसं काही झालं नाही. तिचे पाय दुखत होते.

"परीक्षा आटोपल्यावर चालेल का?" तिनं विचारलं. "दोन्ही कॉलेजांचे पेपर तपासायचे आहेत."

"चालेल," मॅडम म्हणाल्या.

शिवाजीनगरहून तिला नाशिकची बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. चाकण मागे पडायच्या आत तिचा डोळा लागला.