कापणीआधीचा निवाडा

मित्रांनो, माझी धार आता बोथट झाली आहे, तेव्हा भिऊ नका, जवळ बसा. मी वेल्ह्याकडच्या रतनबाईंचा विळा. कापूरहोळच्या एका लोहाराने मला ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून घडवलं. भट्टीत तापलो, घणाखाली चेपलो, पाण्यात चरचरलो आणि बाभळीची मूठ बसताच स्वतःला फार मोठा समजू लागलो. काय कापायचं आणि काय राखायचं, हे जणू मीच ठरवणार होतो!

रतनबाई बालवाडीच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवऱ्यामागे राहिलेली भातखाचरं स्वतः कसायला घेतली. वाडीत ख्रिस्ती घर त्यांचं एकटीचंच, पण निम्मी वाडी त्यांच्याच समोर मांडी घालून मुळाक्षरं शिकलेली. म्हणून लहानथोर सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. महिन्यातल्या एका रविवारी भोरमधली तीन-चार ख्रिस्ती कुटुंबं एसटीने येऊन त्यांच्या ओटीवर प्रार्थनेला जमत. प्रार्थना झाली की बाई मुलांना येशूचे दाखले सांगत. स्वर्गाचं राज्य मोहरीच्या दाण्यासारखं असतं, डोळ्यांत न भरणारं, पण वाढलं की पाखरांना आसरा देणारं. ते पिठातल्या खमिरासारखं असतं, न दिसता सगळं पीठ फुगवणारं. मी ओटीवरच्या खुंटीला लटकून ऐकत असे, आणि अशा बाईंच्या हातात आपण आहोत याचा मला फार अभिमान वाटे.

पण एका ज्येष्ठात बाईंच्या माळ्यावरचं इंद्रायणी भाताचं बियाणं चोरीला गेलं. बाईंचं नाव रंगवलेली रिकामी गोणी शेजारच्या मंगलच्या पडवीत सापडली. बी तर केव्हाच तिच्या वाफ्यात पेरून झालं होतं. एकटी राहणारी, कष्टाळू बाई ती. मान खाली घालून म्हणाली, “माजं बी उंदरांनी खाल्लं, बाई. मागाया लाज वाटली.”

“मागायला लाज वाटली, आणि चोरायला नाही वाटली?” बाई म्हणाल्या. “माझ्या बांधावर पुन्हा पाय ठेवू नकोस.”

मला वाटलं, शाब्बास! असंच सपकन कापावं.

आमच्याकडे भाताची लावणी इरजिकीने होते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं खाचर लावायचं, उद्या दुसऱ्याचं. कोणाचं खाचर कधी, ते वाडीतले जाणते गेनूभाऊ ठरवत. त्यांनी त्या वर्षी मंगलला वगळलं. “तण हाय त्ये,” ते म्हणाले. “मुळासकट उपटलं पायजे.” बाई तिथेच होत्या, पण बोलल्या नाहीत. मंगलची रोपं वाफ्यात वाढून पिवळी पडू लागली. आणखी आठवडा गेला असता, तर तिचं शेत पडीकच राहिलं असतं.

तशात प्रार्थनेचा रविवार आला. बाईंनी मुलांना नेमका शेतातल्या तणाचा दाखला सांगितला. एका धन्याने शेतात गव्हाचं चांगलं बी पेरलं. त्याच्या वैऱ्याने येऊन त्यातच तण पेरलं. दोन्ही सारखीच दिसत. चाकर म्हणाले, “धनी, तण उपटून टाकू?” धनी म्हणाला, “नको. मुळं एकमेकांत गुंतली आहेत. तणाबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.”

“शेत म्हणजे हे जग,” बाईंनी मुलांना समजावलं. “धनी म्हणजे प्रभू. तण म्हणजे गहूच, असं काही तो म्हणत नाही. वाईट ते वाईटच. पण निवाड्याची वेळ त्याने स्वतःकडे ठेवली आहे. कापणी देवदूतांनी करायची, आपण नाही.”

भोरहून आलेल्या नऊ वर्षांच्या शेफालीने मोठ्यांच्या गप्पांतून चोरीचं ऐकलं होतं. ती सरळ म्हणाली, “बाई, मग मंगलमावशी काय? गहू की तण?”

बाईंनी मांडीवरचं बायबल मिटलं.

“मला नाही माहीत, बाळ,” त्या हळूच म्हणाल्या. “माहीत नसताना मी मात्र उपटून मोकळी झाले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला कमरेला खोवलं, डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद घेतला आणि त्या थेट मंगलच्या खाचरात उतरल्या. मंगल एकटीच चिखलात वाकली होती.

“बाई, तुमी? हितं?”

“चोरी केलीस ते वाईटच केलंस. ते मी पुसून टाकत नाही,” बाई म्हणाल्या. “पण रोपं थांबायची नाहीत. चल, वाक.”

वाढलेल्या रोपांचे शेंडे त्यांनी माझ्याने छाटले आणि दोघी लावणीला लागल्या. बांधावरून गेनूभाऊ ओरडले, “बाई, चोराचं खाचर लावताय व्हय? आन् पुन्यांदा चोरी झाली म्हंजी?”

“झाली तर माझ्याच घरी होईल, गेनूभाऊ. पण आज हिला उपटलं तर हिच्यातलं चांगलंही मरेल. माझ्यातलंही.”

गेनूभाऊ पाय आपटत निघून गेले. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या अंबूबाई लुगड्याचा काचा मारून मुकाट्याने चिखलात उतरल्या. आणखी कोणीच आलं नाही. एक खाचर तसंच राहिलं, बाकीची लागली.

आश्विनात बाईंना चिकनगुनिया झाला. बोटं सुजली, मूठ मिटेना. शेतात भात पिकून दाणे गळायला आले होते आणि ज्याचा तो आपल्या कापणीत गुंतलेला. तेव्हा मंगल ओटीवर आली.

“बाई, इळा द्या.”

बाईंनी नुसतं खुंटीकडे बोट दाखवलं.

खरं सांगतो, मित्रांनो, मी अंग चोरलं. चोराचा हात कसा असेल? पण तो इतरांसारखाच खरखरीत हात होता. मंगल बुडाशी कापी आणि एक लोंबी खाली पडू देत नसे. दुसऱ्या दिवशी, मंगल पुन्हा काही चोरेल म्हणून, गेनूभाऊ राखणीला बांधावर येऊन उभे राहिले. दुपारपर्यंत बघत राहिले. मग घरी गेले आणि आपला विळा घेऊन आले.

“सर तिकडं,” ते मंगलला म्हणाले. “ही बाजू म्या धरतो.”

त्या दिवशी माझी घमेंड गळून पडली. ज्येष्ठात माझ्या मनासारखं झालं असतं, तर मंगलला मी कधीच कापून टाकलं असतं. आणि बाईंचं वर्षाचं अन्न मातीत गळालं असतं. बाईंची थोरवी मला तेव्हा कळली. दाखला सांगणं सोपं असतं. आपला राग गिळून तो जगायला त्या चिखलात उतरल्या.

आता कापणीला यंत्र येतं. मी गंजत चाललो आहे. मित्रांनो, हत्यारं वापरून झाली की पुसत जा, तेलाचं बोट फिरवत जा. आणि वर्गात एखाद्याला वाईट म्हणून सगळे दूर बसवतील, तेव्हा जरा थांबा, त्याच्या शेजारी जाऊन बसा. पीक अजून उभं आहे.