शालीवरचं पाखरू

धाकटी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, थोरली ती भरतकामाच्या मशीनवर भरायची. दोघी बहिणींचं पोट या एकाच धंद्यावर. मग धाकटी आजारपणात गेली. तिच्या शेवटच्या नक्ष्यांचा पेन ड्राइव्ह मेहुण्यांनी थोरलीच्या हाती दिला.

"ताई, जपा हं. तिचा मॅक कॉम्प्युटर बंद पडलाय. आता एवढंच उरलंय."

त्यात एक पाखरू होतं, धाकटीने लेकीसाठी काढलेलं. थोरलीने ते एकदाच ओझरतं पाहिलं होतं. भाची नोकरीला परगावी निघाली होती, तिच्या शालीवर तेच भरायचं ठरलं.

थोरलीने ड्राइव्ह मशीनला लावला. मॅकवरचं मशीनला वाचता येईना. पडद्यावर प्रश्न आला: ड्राइव्ह ओळखता येत नाही, फॉरमॅट करायचा? आतलं सगळं पुसलं जाईल. नवा कोरा ड्राइव्ह लावला की मशीन हेच विचारायचं आणि थोरली न वाचताच 'हो' दाबायची. हाताला सवयच तशी. आताही हात पुढे झाला, डोकं मागे राहिलं.

'ड्राइव्ह तयार,' मशीन म्हणालं. आत काही म्हणता काही नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने खूप खटपट केली आणि शेवटी नुसती मान हलवली. त्या दिवशी थोरलीला घास गेला नाही. बहीण एकदा देवाने नेली, दुसऱ्यांदा आपण घालवली, असंच तिला वाटत राहिलं. पण खरं सांगायला जीभ रेटेना. अखेर तिने आठवून आठवून स्वतःच एक पाखरू काढलं आणि शालीवर भरलं. टाके असे सुबक की कुणाला शंका येऊ नये.

भाचीने शाल उलगडली. पाखरावरून बोट फिरवता फिरवता ती थांबली.

"मावशी, हे तू काढलंस ना?"

"कशावरून गं?"

"आईचं पाखरू मान वळवून मागे बघायचं. मी विचारलं होतं, कुणाला बघतंय? तर हसून म्हणाली, तुझी मावशी येतेय का, ते बघतंय."

थोरलीने शालीवरच्या पाखराकडे पाहिलं. ते सरळ समोर बघत होतं.

"मग आईचं कुठंय?" भाचीने विचारलं.

थोरलीने खणातून पेन ड्राइव्ह काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"पुसलं गं मी," ती म्हणाली.